जीप तापते तेव्हां

प्रत्येक गृहस्थाच्या संसारांत एखादी तरी अशी वस्तु असते, कीं जिच्यावरून घरच्या माणसांनीं त्याची यथेच्छ थट्टा करावी. कोणाची तारा तुटलेली सतार असते, कोणाचें अर्धवट राहिलेलें कादंबरीचें हस्तलिखित असतें. माझी एक जुनी जीप आहे. ‘ही गाडी तेलापेक्षां पाणीच अधिक पिते,’ असें माझी पत्नी आल्यागेल्याला सांगते. प्रवासाला निघण्यापूर्वीं मी बॉनेट उघडतों, पंख्याचा पट्टा आंगठ्यानें दाबून पाहतों, रेडिएटरच्या जाळींत अडकलेलीं कुसळें काढतों आणि मागच्या बांकाखालीं पाण्याचे दोन डबे नीट बसवून ठेवतों. हा सर्व विधि चालू असतां वरच्या खिडकींतून प्रश्न येतो, ‘‘झाली का पूजा?’’ मुलें हंसतात, शेजारी हंसतात, आणि खरें सांगायचें तर मीहि हंसतों.

या हंसण्यांत घरांतील एकच व्यक्ति कधीं सामील होत नाहीं. ती म्हणजे माझ्या वहिनी. त्या जिना उतरून येतात, गाडींत बसण्यापूर्वीं हळूच विचारतात, ‘‘भाऊजी, पाणी घेतलंत ना?’’ आणि मी ‘‘हो’’ म्हटल्यावरच पाऊल आंत ठेवतात. गेलीं बारा वर्षें हा प्रश्न आणि हें उत्तर न चुकतां होत आलें आहे. त्या प्रश्नांत संशय नाहीं, टोमणा तर नाहींच. पण तो ऐकतांना माझी मान अजूनहि थोडी खालीं जाते.

बारा वर्षांपूर्वींच्या वैशाखांतील ती गोष्ट. आमचें कुलदैवत पाटण तालुक्यांत, कोयनेच्या खोऱ्यावरील एका उंच पठारावर आहे. थोरले बंधु वारल्यापासून तेथें कोणाचें जाणें झालें नव्हतें. वहिनींची फार इच्छा, म्हणून मी त्यांना, त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाला आणि माझ्या पत्नीला घेऊन निघालों. डांबरी सडक संपल्यावर शेवटचे सात-आठ किलोमीटर जांभ्या दगडाची, पावसाच्या ओहोळांनीं उकरलेली चढण आहे. तिच्या पायथ्याशीं एक नवी चकचकीत मोटार उभी होती, आणि तिच्यांतील तरुण मंडळी वर जावें कीं परत फिरावें या विचारांत पडली होती. त्यांच्या देखत मीं जीप चढणीला घातली. पाठीमागून कोणीतरी शाबासकीची आरोळी दिली. त्या वेळीं माझ्या मनाला जो आनंद झाला, तो आज आठवला कीं मला त्याची भीति वाटते.

दुपारचे दोन वाजले होते. ऊन रणरणत होतें. पश्चिमेचा वारा आमच्या पाठीवर होता. दूर वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या त्या वाऱ्यानें फिरत होत्या, पण आमच्या इंजिनापर्यंत त्याची झुळूकहि पोंचत नव्हती. इंजिनाचा फार आवाज होऊं नये म्हणून मी वरच्या गिअरमध्येंच गाडी रेटीत होतों. उष्णतेचा कांटा मधली खूण ओलांडून तांबड्या रेघेकडे सरकतांना मीं पाहिला. ‘पाहिला’ हा शब्द मीं मुद्दाम लिहिला आहे. कारण पुढें कित्येक दिवस ‘माझ्या लक्षांत आलें नाहीं’ असें मी लोकांना सांगत होतों, आणि तें खरें नव्हतें. मागून ती नवी मोटार हिय्या करून चढत येत होती. आपण थांबलों तर ती आपल्याला ओलांडून जाईल, आणि मघांच्या आरोळीचें हंसें होईल, एवढाच विचार मीं केला.

मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली. मी उतरलों, बॉनेट वर केलें. आंत चुलीवरच्या आधणासारखा खदखदाट चालला होता. ‘‘फडकं घे, आणि ते झाकण जरा सैल कर,’’ असें पुतण्याला सांगून मी पाण्याची कळशी काढण्यासाठीं मागें गेलों. त्यानें आज्ञा पाळली. किंकाळी ऐकून मी वळलों, तों वाफेच्या लोटांत तो दिसेना. तोंड त्यानें वेळेवर फिरविलें होतें, हें आमचें भाग्य. परंतु उजवा हात मनगटापासून कोंपरापर्यंत भाजला होता.

कळशींतलें सर्व पाणी वहिनींनीं त्या हातावर हळूहळू ओतलें. त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत. तेवढ्यांत ती नवी मोटार येऊन थांबली. ज्यांच्यासमोर थांबण्याची मला लाज वाटली होती, त्याच तरुणांनीं मायलेकांना आपल्या मोटारींत घेतलें, त्या अवघड वाटेवर ती कशीबशी उलटी फिरविली आणि दोघांना कऱ्हाडला रुग्णालयांत नेऊन पोंचविलें. हंसलें कोणीच नाहीं.

मी आणि माझी पत्नी कोरड्या जीपशेजारीं बसून राहिलों. कांहीं वेळानें वरच्या धनगरवाड्यावरून एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन आली. वैशाखांत त्या पठारावर पाण्याची काय किंमत असते, हें सांगायला नको. मी उठून घाईनें हंड्याला हात घातला, तेव्हां तिनें मला अडविलें. ‘‘तापल्या बैलाला लगी पाणी दावत न्हाईत, बाबा. दम खाऊ दे त्याला.’’ तिला यंत्रांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. पण तापलेल्या जनावराची नाडी तिला ठाऊक होती. तासाभरानें तिनेंच मान हलविली, आणि मग मीं पाणी घातलें.

पुढें आठ-दहा दिवसांनीं मी जीप घेऊन आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. अपराध्यानें वकिलाकडे जावें तसा गेलों होतों. गाडींतच कांहीं दोष निघाला तर आपला भार हलका होईल, अशी मनांत चोरटी आशा होती. दोष निघाले, पण ते सारे माझेच होते. मिस्त्रींनीं जाळीवर बॅटरीचा झोत टाकला. मागच्या बाजूनें पाहिलें तर उजेडाचा कवडसाहि येईना. गवताचें बीं, माती आणि मेलेले किडे यांचा एक नमदाच तेथें तयार झाला होता. पंख्याचा पट्टा त्यांनीं दाबला. तो अर्धा इंच दबावा, त्याऐवजीं एक इंच दबला. झांकणाच्या आंतलें रबर चिरलेलें होतें. जाळीच्या समोर मीं शोभेसाठीं दोन मोठे दिवे बसविले होते, तेहि वारा अडवीत होते. मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, इंजिन एकाएकी कधीच तापत नाही. ते महिनामहिना सांगत असतं. आपल्याला ऐकायला येत नाही.’’

त्या दिवशीं त्यांच्या लांकडी पेटीवर बसून मीं जें ऐकलें, तें शाळेंत पदार्थविज्ञानाच्या तासाला ऐकलें असतें तर बरें झालें असतें. इंजिनांत जाळलेल्या तेलाची उष्णता ढोबळ मानानें तीन ठिकाणीं जाते. एक तृतीयांश चाकें फिरविते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते, आणि उरलेल्या भागांतील बहुतेक उष्णता पाण्याच्या वाटेनें बाहेर काढावी लागते. म्हणजे गाडी ओढण्यासाठीं जेवढी शक्ति, जवळजवळ तेवढीच उष्णता त्या जाळीनें वाऱ्याला द्यावयाची असते. सडकेवर साठ किलोमीटरच्या वेगानें जाणाऱ्या गाडीला वारा आपोआप मिळतो. दगडधोंड्यांच्या चढणीवर वेग मनुष्याच्या चालीचा, आणि कष्ट मात्र सडकेपेक्षां अधिक. तेथें समोरचा वारा नसतोच. पंखा जेवढा ओढील तेवढाच. जुन्या जीपमध्यें पंखा आणि पाण्याचा पंप हे दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतात. म्हणून वरच्या गिअरमध्यें गाडी रेटली, कीं इंजिनावर भार वाढतो आणि त्याच वेळीं पंखा मंद होतो. मी ज्याला इंजिनाची दया समजत होतों, ती त्याची गळचेपी होती! चढण लागण्यापूर्वींच चारी चाकांना शक्ति देणारा खालचा गिअर टाकावा, इंजिनाला थोडें ओरडूं द्यावें, पण ओझ्याखालीं घुसमटूं देऊं नये, हा मिस्त्रींचा पहिला पाठ.

दुसरा पाठ झांकणाचा. रेडिएटरचें झांकण म्हणजे डब्याचें झांकण नव्हे. त्याच्या स्प्रिंगमुळें आंत दाब धरला जातो, आणि दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला, कीं पाण्याचा उकळबिंदु सुमारें दीड अंशानें वर जातो. डोंगरावर याची विशेष गरज, कारण दर तीनशें मीटर चढलें, कीं उघडें पाणी साधारणतः एक अंश आधींच उकळूं लागतें. आमच्या पठाराच्या उंचीवर तें सुमारें ९६ अंशांस उकळतें, आणि लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गांवीं ८८ अंशांच्या आसपास. तेव्हां तापलेल्या इंजिनांतील पाणी शंभर अंशांच्याहि वर गेलेलें असून केवळ दाबाखालीं निमूट बसलेलें असतें. झांकण सैल होतांच दाब नाहींसा होतो, त्या पाण्यापैकीं कांहीं भागाची एका क्षणांत वाफ होते, आणि ती वाफ उरलेल्या पाण्याला घेऊन बाहेर झेपावते.

हें ऐकतांना मला वहिनींचें स्वयंपाकघर आठवलें. कुकरची शिटी झाल्यावर त्या रोज गॅस बंद करतात आणि झांकणाला हात न लावतां कोशिंबिरीच्या तयारीला लागतात. घरीं कोणाला कितीहि भूक लागलेली असो, वाफ निवल्यावांचून तें झांकण उघडलें जात नाहीं. जो नियम ही माऊली इतकीं वर्षें रोज पाळीत होती, तोच मीं तिच्या मुलाकडून मोडविला. घरांतल्या शहाणपणाला आपण शास्त्र म्हणत नाहीं, आणि म्हणूनच तें आपल्या उपयोगीं पडत नाहीं.

पुढें मीं या विषयाचें वाचनहि पुष्कळ केलें. पश्चात्तापाला वाचनाचा चांगला आधार होतो. राल्फ बॅगनोल्ड नांवाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० नंतरच्या दशकांत फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन ईजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटांत हिंडत असे. तेथें पाण्याचा थेंब मोलाचा, आणि मऊ वाळूंत रुतत जाणाऱ्या मोटारी तर सारख्या उकळणार. त्यानें केलेली युक्ति पोरखेळासारखी सोपी आहे. रेडिएटरमधून वाफ जेथून बाहेर पडते, तेथें एक नळी जोडून ती त्यानें बाजूला बसविलेल्या, निम्म्या पाण्यानें भरलेल्या डब्यांत सोडली. वाफ त्या पाण्यांत जाऊन विरे, आणि इंजिन निवूं लागलें, कीं आंतल्या पोकळीमुळें तेंच पाणी पुन्हां रेडिएटरमध्यें ओढलें जाई. डबाहि उकळूं लागला, कीं गाडीचें तोंड वाऱ्याकडे फिरवून थांबावयाचें. १९४० मध्यें त्यानें वाळवंटांत दूरवर टेहळणी करणारें जें पथक उभें केलें, त्याच्याहि गाड्यांना असे डबे होते. आजच्या मोटारींत बॉनेटखालीं पाण्याची जी पांढरट टाकी दिसते, ती याच कल्पनेची वंशज म्हणावयास हरकत नाहीं. जीप ही तर युद्धाचेंच अपत्य. १९४१ पासून विलीज कंपनीनें ती सैन्यासाठीं बांधली, आणि पुढें मुंबईंत तिची जोडणी सुरू झाली. परंतु मला त्या बॅगनोल्डच्या हकीकतींत यंत्रापेक्षां दुसऱ्याच गोष्टीचें नवल वाटलें. जेथें मृत्यु चारी बाजूंनीं उभा होता, तेथें हीं माणसें निमूटपणें गाडी वाऱ्याकडे वळवून थांबत होतीं. आणि मला पाटण तालुक्यांत, देवदर्शनाला जातांना, थांबण्याची लाज वाटली!

तेव्हांपासून जी माझी ‘पूजा’ सुरू झाली, तिचा विधि ज्यांना अशा वाटेवर गाडी न्यावयाची असेल त्यांच्यासाठीं येथें सांगून टाकतों. जाळी धुवावयाची ती इंजिनाच्या बाजूनें बाहेर, आणि तीहि हलक्या धारेनें. जोराची धार तिचे नाजूक पत्रे वांकविते. चिखलांतून किंवा गवतांतून गाडी गेली, कीं त्याच दिवशीं धुवावी. पंख्याभोवतीं पत्र्याचा जो घेर असतो, तो अडगळ समजून काढूं नये. त्याच्यामुळेंच पंखा जाळीतून वारा ओढतो. थर्मोस्टॅट काढून टाकला कीं इंजिन थंड राहतें, ही समजूत चुकीची आहे. थंडीत त्यावांचून इंजिन वेळेवर तापत नाहीं आणि झिजतें. तो बिघडला असेल तर बदलावा. भांड्यांत पाणी तापवून, तो त्यांत टांगून, ठरल्या अंशाला उघडतो कीं नाहीं हें घरींच पाहतां येतें. मीं तें पाहिलें, आणि ज्या पातेल्यांत पाहिलें तें पातेलें माझ्या पत्नीनें पुन्हां दुधाला वापरलें नाहीं.

विहिरीचें जड पाणी रेडिएटरमध्यें नेहमीं घालूं नये. आपल्या न्हाणीघरांतील जुन्या बंबाला आंतून पुटें चढलीं, कीं पाणी तापावयास दुप्पट लांकडें लागत, हें वडीलधाऱ्यांना आठवत असेल. येथें उलट, पुटें चढलीं कीं उष्णता बाहेर जात नाहीं. शुद्ध केलेलें पाणी आणि ग्लायकोलचें द्रव निम्मेनिम घातलें, तर गंज धरत नाहीं आणि उकळबिंदुहि कांहीं अंशांनीं वाढतो. मात्र तें द्रव चवीला गोड आणि पोटांत गेलें तर विषारी असतें; मुलांच्या आणि कुत्र्यांच्या वाटेत तें ठेवूं नये.

वाटेंत कांटा चढूं लागला, तर तांबडी रेघ येण्याची वाट पाहूं नये. वातानुकूलन असेल तर बंद करावें. गाडींत ऊब देणारें यंत्र असेल, तर वैशाखांतहि तें चालू करावें; तें इंजिनाचीच उष्णता ओढून घेतें. बायकामुलें रागावतील, पण इंजिन वांचेल. तरीहि कांटा उतरला नाहीं, तर जागा पाहून थांबावें आणि गाडीचें तोंड वाऱ्याकडे करावें. पाणी आंत आहे, पट्टा शाबूत आहे आणि नुसताच कांटा वर आहे, तर इंजिन एकदम बंद न करतां कांहीं मिनिटें मोकळें, जरासें भरधांव चालूं द्यावें, म्हणजे पंखा आणि पंप आपलें काम करतात. वाफ येत असेल, पाणी गळत असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर मात्र तत्क्षणीं बंद करावें. मग सावलींत बसावें. अर्धा तास बसावें, तास बसावें. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलें, तर कढत चहा ओतलेल्या कांचेच्या पेल्यासारखें तें तडकतें. झांकण हाताला कोमट लागेपर्यंत त्याला कोणीहि शिवूं नये; आणि विशेषेंकरून, आपण स्वतः शिवणार नाहीं तें दुसऱ्याला शिवावयास सांगूं नये.

हें शेवटचें वाक्य कोणत्याहि माहितीपुस्तकांत नाहीं. बाकीचें सारें असतें.

पुतण्याचा हात सहा आठवड्यांनीं बरा झाला. पण मनगटापासून कोंपरापर्यंत फिकट, सुरकुतलेली एक पट्टी कायमची राहिली. मीं त्याची क्षमा मागितली तेव्हां तो म्हणाला, ‘‘काका, मीच घाईने फिरवलं.’’ मला वाचविण्यासाठीं पंधरा वर्षांच्या मुलानें बोललेलें तें खोटें माझ्या खोट्यापेक्षां फार वरच्या जातीचें होतें. वहिनींची क्षमा मागण्यास मीं तीनदां तोंड उघडलें, आणि तिन्ही वेळां त्यांनीं विषय बदलला. पुढच्या प्रवासाच्या वेळीं त्यांनीं तो प्रश्न प्रथम विचारला, ‘‘भाऊजी, पाणी घेतलंत ना?’’ मी तेव्हांच समजलों, कीं माझ्या गाडींत पुन्हां बसण्याचें त्यांनीं ठरविलें आहे, आणि याहून अधिक कांहीं मागण्याचा मला अधिकार नाहीं.

गेल्या वैशाखांत आम्ही पुन्हां त्या पठारावर गेलों. जीप पुतण्यानें चालविली. पायथ्याशीं त्यानें खालचा गिअर टाकला आणि दगडांतून सावकाश चढूं लागला. अर्ध्या वाटेवर कांटा मधल्या खुणेच्या किंचित् वर गेला असेल-नसेल, तोंच त्यानें एका सपाटीवर गाडी घेतली, तोंड पश्चिमेकडे फिरवून उभी केली आणि बॉनेट उघडलें. मागून मोटारसायकलींवरून कांहीं मुलें आलीं. त्यांच्यांतील एकजण ओरडला, ‘‘काय हो, बंद पडली का?’’

‘‘नाही,’’ पुतण्या म्हणाला, ‘‘निववतोय.’’

मुलें हंसलीं आणि पुढें गेलीं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघहि हलली नाहीं. उजवा हात त्यानें झांकणाजवळ, पण न टेकवितां, क्षणभर धरला आणि मागें घेतला. ‘‘काका, अर्धा तास लागेल. चालेल ना?’’ वहिनींनीं थर्मासमधला चहा ओतला. चालेल, असें मी म्हणालों.

वर पोंचल्यावर दर्शन झालें आणि आम्ही धनगरवाड्यावर गेलों. ती म्हातारी आतां नाहीं. तिच्या सुनेला आम्हीं आमचे पाण्याचे दोन्ही डबे दिले; तिनें ते हंड्यांत ओतून घेतले आणि रिकामे डबे परत केले. ऊन कलल्यावर आम्ही निघालों. गाडींत बसण्यापूर्वीं वहिनींनीं नेहमींप्रमाणें विचारलें, ‘‘भाऊजी, पाणी घेतलंत ना?’’

बारा वर्षांत प्रथमच मला ‘नाहीं’ म्हणावें लागलें. ‘‘नाही वहिनी, डबे वरच रिकामे केले.’’

त्यांनीं एकदां खालीं उतरत जाणाऱ्या वाटेकडे पाहिलें, एकदां मुलाकडे पाहिलें. ‘‘असू दे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता उतारच आहे,’’ आणि आंत येऊन बसल्या.